विक्रीला निघालेले कसब : नंदुरबार जिल्ह्यातील ध्वनिवर्धक कार्यशाळांचे भवितव्य

ध्वनिवर्धक तयार करणारी छोटी कार्यशाळा विक्रीला निघते, तेव्हा व्यवहाराच्या कागदावर यंत्रे, शिल्लक माल, गाळ्याचा ताबा आणि दुकानाचे नाव एवढ्याच गोष्टी लिहिता येतात; परंतु ज्या बळावर ती कार्यशाळा वीस-पंचवीस वर्षे चालली, ते लाकूड, चुंबक, तांब्याची तार आणि कागदी शंकू यांतून एका विशिष्ट मुलखातील माणसांना रुचेल असा आवाज जुळवण्याचे कसब त्या कागदात उतरत नाही. नंदुरबार जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण येथील ध्वनिपेट्या मोठ्या नाममुद्रेच्या कारखान्यातून नव्हे, तर सुतारकाम, वेल्डिंग आणि वीजदुरुस्ती यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या दोन-चार माणसांच्या कार्यशाळांतून बाहेर पडतात, आणि त्यांच्या मालकांची पिढी आता निवृत्तीच्या वयाला आली आहे. पुढची पिढी सुरतेला नोकरी करते किंवा तयार माल आणून विकण्याचे दुकान पसंत करते, आणि मग ‘द्यायचे आहे’ हा निरोप वर्तमानपत्रातील जाहिरातीऐवजी सुटे भाग पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचतो.

या लेखाचा विषय अशी एखादी विशिष्ट कार्यशाळा नसून या प्रकारच्या धंद्याचे हस्तांतर हा आहे, आणि त्याचे मुख्य म्हणणे असे की या कार्यशाळा टिकवायच्या असतील तर खरेदीदाराने पेट्यांचा आकार आणि वॅटचे आकडे विकत घेण्याऐवजी दुरुस्तीची विद्या आणि स्पष्ट आवाजाची समज विकत घेतली पाहिजे.

मुलूख आणि त्याचा आवाज

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख असून तिच्यातील जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. दक्षिणेकडे तापीचे सपाट, कापूस, केळी, ऊस आणि मिरचीचे खोरे आणि उत्तरेकडे नर्मदेपर्यंत उतरत जाणारा सातपुडा असे या जिल्ह्याचे दोन भाग पडतात, आणि ध्वनिवर्धकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत. सपाटीवर आवाज मोकळा सुटतो, वाऱ्याबरोबर लांबतो आणि रात्री हवा थंड झाली की आणखी दूर ऐकू येतो. सातपुड्यातील पाड्यांवर मात्र घरे टेकड्यांवर विखुरलेली, मध्ये दऱ्या, आणि आवाज समोरच्या उतारावर आपटून परत येत असल्यामुळे शब्द शब्दावर चढतो. सपाटीवर चांगली वाजणारी पेटी सातपुड्यात धडगावच्या बाजूला नेल्यावर ‘आवाज फाटतो’ अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा दोष पेटीत नसून प्रतिध्वनीत असतो. हे अनुभवी कारागिराला सांगावे लागत नाही.

मागणीचे वेळापत्रकही या मुलखाचे स्वतःचे आहे. ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम यांसाठी गुजरातकडे गेलेली कुटुंबे होळीला परततात, सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पेटते, आणि त्यानंतर पाऊस येईपर्यंत आदिवासी समाजाची लग्नसराई चालते. या काळात कमावून आणलेला पैसा हातात असतो आणि वाजंत्रीची सुपारी दिली जाते. नवापूर परिसरात आणि सीमेपलीकडच्या गुजरातमधील तापी जिल्ह्यात रोडाली गीते वाजवणारे बँड लोकप्रिय आहेत. गाडीच्या मागील भागावर ध्वनिपेट्यांची भिंत, पुढे की-बोर्ड आणि गायक, व त्याभोवती कंबरेला कंबर लावून फेर धरणारे नाचणारे, असे त्यांचे रूप असते. मावची भाषेतील सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र खेळ करतात आणि त्यांना नाचाच्या ठेक्याइतकीच संवादाच्या शब्दांची गरज असते. सपाटीवर गणेशोत्सव आहे, ज्यात नंदुरबारच्या मानाच्या दादा आणि बाबा गणपतींची मिरवणूक येते. मार्गशीर्षात शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. शिवाय सभा, निवडणुका, भागवत सप्ताह आणि शाळांचे कार्यक्रम आहेत. वर्षातील तीन-साडेतीन महिन्यांत कार्यशाळेची बहुतेक कमाई होते आणि पावसाळ्यात कारागीर जुन्या पेट्यांना सनमायका चढवत बसतो. खरेदीदार जर वैशाखातील गर्दी पाहून भाव ठरवील, तर तो हमखास फसेल.

पेटीच्या आत

ध्वनिवर्धकाची मूळ रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच आजही वापरात आहे : चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, टांगलेले असते, ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह त्या वेटोळ्याला मागे-पुढे ढकलतो, आणि वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, ज्याला कारागीर कोन म्हणतात, हवेला हलवतो. कोनाच्या बाहेरच्या कडेला लवचीक कडी असते, मध्ये कॉइलला सरळ रेषेत ठेवणारी सुरकुत्यांची कापडी चकती असते, जिला स्पायडर म्हणतात, आणि हे सर्व धातूच्या सांगाड्यावर बसवलेले असते. फटीत कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या अंशाएवढीच जागा सुटते, त्यामुळे धुळीचा कण किंवा वितळलेल्या चिकटद्रव्याचा थेंबही घासण्याचा आवाज निर्माण करण्यास पुरेसा ठरतो.

या जिल्ह्यातील कार्यशाळा सहसा चालक घटक, म्हणजे ज्याला बाजारात स्पीकर म्हणतात तो भाग, स्वतः घडवत नाहीत. तो दिल्लीतील घाऊक बाजारातून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याकडून येतो, आणि त्यात थायलंडच्या पी. ऑडिओसारख्या कंपन्यांचा माल, दिल्लीचा माल आणि चिनी माल यांची सरमिसळ असते. येथे होते ती पेटी. प्लायवूड कापणे, आतून आधाराच्या पट्ट्या बसवणे, हवा बाहेर पडण्याच्या झरोक्याची रुंदी आणि खोली ठरवणे, लोखंडी जाळी वाकवणे, कोपऱ्यांना पत्र्याचे रक्षक लावणे आणि उच्च व नीच स्वर वेगवेगळ्या घटकांकडे वाटणारे परिपथ, म्हणजे क्रॉसओव्हर, जोडणे ही कामे हाताने होतात. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जी सूत्रे मांडली, त्यांच्या आधारे स्पीकरच्या काही मोजलेल्या गुणांवरून पेटीचे योग्य घनफळ गणिताने काढता येते. परंतु बहुतेक कारागीर चांगली वाजलेली जुनी पेटी समोर ठेवून माप घेतात आणि झरोका थोडा थोडा बदलून, ओळखीचे गाणे लावून, ‘बेस बसला’ असे वाटेपर्यंत ऐकत राहतात. ही पद्धत अडाणी मानणे अन्यायाचे होईल, कारण ती मोजमापच आहे. फक्त तिचे यंत्र कारागिराचा कान आहे, आणि ते यंत्र विक्रीखतात लिहिता येत नाही.

पेटीपेक्षाही मोलाची विद्या आहे ती रिकोनिंगची, म्हणजे जळालेल्या किंवा फाटलेल्या स्पीकरचे चुंबक आणि सांगाडा तसेच ठेवून त्याची कॉइल, कोन आणि स्पायडर नव्याने बसवण्याची. लग्नसराईत स्पीकर जळतात, त्यामागे तीन कारणे एकत्र येतात. पहिले म्हणजे ॲम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात आणि कॉइलमध्ये सतत उष्णता साचते. दुसरे म्हणजे जनरेटरचा दाब वर-खाली होतो. आणि तिसरे म्हणजे एप्रिल-मेमध्ये तापी खोऱ्यातील हवाच चाळीस अंशांच्या वर असते. तांब्याचा विरोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे कॉइल दोनशे अंशांनी तापली की तिचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो, त्याच दाबाला ती कमी शक्ती घेते आणि आवाज बसतो. आवाज बसला म्हणून ऑपरेटर नॉब आणखी वर नेतो आणि कॉइल जळते. हे चक्र ज्याला कळते तो कारागीर केवळ कॉइल बदलत नाही, तर ऑपरेटरला मर्यादक, म्हणजे लिमिटर, कुठे लावायचा हेही सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या सेवा-केंद्रांपर्यंत जाण्यास जो वेळ लागतो तो उद्याची सुपारी असलेल्या बँडला परवडत नाही, आणि येथेच स्थानिक कार्यशाळेचे खरे स्थान आहे. पेटी चीनमधून येऊ शकते. रात्री जळालेली कॉइल सकाळी भरून देणारा माणूस तेथून येऊ शकत नाही.

पंचाहत्तर डेसिबलचे गणित

या धंद्याच्या भवितव्यावर कायद्याची छाया आहे आणि ती योग्य कारणाने आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० अशी मर्यादा घातली. सार्वजनिक जागेत ध्वनिवर्धक वापरल्यास त्या जागेच्या सीमेवर आवाज तेथील मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये असे सांगितले. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवले. राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम ठामपणे उचलून धरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील शिक्षा बदलल्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, तुरुंगवासाऐवजी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. शिवाय वाहनाची मूळ रचना बदलण्यास मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मनाई करते, आणि पेट्यांची भिंत उभारलेल्या पिकअप गाड्या त्या कलमाच्या कक्षेत येतात.

या आकड्यांचा कारागिराच्या कामाशी संबंध काय, हे साध्या गणिताने कळते. डेसिबल ही लॉगरिदमी मोजणी आहे : शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. अठरा इंची चांगला स्पीकर एका वॅटला एका मीटरवर सुमारे ९७ डेसिबल देतो असे धरले, तर दहा मीटरवर ७५ डेसिबल मिळण्यासाठी त्याला पूर्ण एक वॅटही लागत नाही, आणि पन्नास मीटरवर तेवढाच आवाज हवा असल्यास सुमारे १६ वॅट पुरतात. याउलट त्याच एका स्पीकरला हजार वॅट दिले, तर शंभर मीटरवरही कागदोपत्री ८७ डेसिबल उरतात. म्हणजे पेट्यांची भिंत आणि हजारो वॅटचे ॲम्प्लिफायर यांचा कायदेशीर मर्यादेशी काहीच मेळ बसत नाही. त्यांची गरज केवळ दुसऱ्या बँडपेक्षा मोठा आवाज काढण्याच्या चढाओढीतून निर्माण झाली आहे. यात एक बारकावा आहे. नियमांत वापरलेले माप माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असल्यामुळे खोल बेसला त्यात कमी वजन मिळते, आणि म्हणून छाती हादरवणारा ठोका मीटरवर दिसतो त्यापेक्षा शेजारच्या घरातील वृद्धाला, बाळंतिणीला आणि गोठ्यातील जनावरांना कितीतरी अधिक जाणवतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानासाठी सामान्यतः सुरक्षित मानली जाणारी मर्यादा असून ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्यामुळे भिंतीसमोर उभा राहणारा ऑपरेटर आणि पेट्या जुळवताना दिवसभर ऐकणारा कारागीर यांची श्रवणशक्ती हेच या व्यवसायातील पहिले नुकसान असते. ज्याचा कान हीच पुंजी, त्याचाच कान आधी जातो, आणि कानाला संरक्षक न लावता पेटी तपासण्याची रीत या कार्यशाळांनी आता सोडलीच पाहिजे.

समाजातही विरोध वाढतो आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर भागात दहेज, दारू आणि डीजे या तीन गोष्टींविरुद्ध आदिवासी समाजातूनच मोहीम उभी राहिली, कारण लग्नाच्या खर्चातील मोठा वाटा वाजंत्रीवर जाऊन कुटुंबे कर्जात बुडत होती. ऊसतोडीच्या उचलीवर वर्ष काढणाऱ्या घराला हाच हिशेब नंदुरबारातही लागू पडतो. तेव्हा कार्यशाळा विकत घेणाऱ्याने पुढील दहा वर्षे पेट्यांच्या भिंतीच बांधण्याचा बेत केला असेल, तर तो अशा मालावर पैसे लावत आहे ज्याचा वापर कायद्याने रोखला जाईल आणि ज्याचा खर्च ग्राहकाला पेलणार नाही.

लान्सिंगची विमा पॉलिसी

छोटा ध्वनिवर्धक-निर्माता विकला जातो तेव्हा काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. जेम्स लान्सिंग यांनी १९२७ मध्ये केन डेकर या भागीदाराबरोबर लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, आणि १९३० च्या दशकात बोलपटगृहांसाठी एमजीएम स्टुडिओने विकसित केलेल्या शिअरर हॉर्न प्रणालीत त्यांचे घटक वापरले गेले. व्यवहार सांभाळणारे डेकर १९३९ मध्ये विमान अपघातात मरण पावले आणि केवळ घडवणे जाणणारे लान्सिंग हिशेबाच्या ओझ्याखाली सापडले. १९४१ मध्ये अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशनने त्यांची कंपनी विकत घेऊन अल्टेक लान्सिंग हे नाव घेतले आणि लान्सिंग यांना पाच वर्षांच्या कराराने आपल्याकडे ठेवले. करार संपताच ते १९४६ मध्ये बाहेर पडले, नव्या कंपनीला आपलेच नाव द्यायचे तर ते नाव आधीच विकले गेले होते, आणि त्या वादातून जेम्स बी. लान्सिंग साउंड हे लांबलचक नाव उभे राहिले, ज्याचे संक्षिप्त रूप जेबीएल आज खानदेशातील गाड्यांवरही रंगवलेले दिसते. त्यांनी घडवलेल्या पंधरा इंची डी-१३० या स्पीकरला चार इंची कॉइल होती, आणि आजही ग्राहक ‘चार इंची कॉइल’ मागतो तेव्हा तो नकळत त्या रचनेचीच मागणी करीत असतो. कर्जाने घेरलेल्या लान्सिंग यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीला मिळालेल्या दहा हजार डॉलरच्या विमा रकमेवर आणि विल्यम थॉमस या सहकाऱ्याच्या व्यवस्थापनावर ती कंपनी तगली, १९६९ मध्ये सिडनी हार्मन यांच्या जर्व्हिस कॉर्पोरेशनकडे गेली, आणि २०१७ मध्ये सॅमसंगने संपूर्ण हार्मन समूह सुमारे आठ अब्ज डॉलरना घेतला.

या कहाणीतून छोट्या कार्यशाळेला घेण्यासारखी एक व्यवहारी गोष्ट आहे : कसब एका माणसात आणि हिशेब दुसऱ्या माणसात असेल, तर दुसऱ्या माणसाच्या जाण्याने पहिला उघडा पडतो, आणि घाईत झालेली विक्री नावही घेऊन जाते. आपल्याकडे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये व्यापारचिन्ह ख्यातीसह किंवा ख्यातीविना हस्तांतरित करता येते. म्हणून नाव विकताना विक्रेत्याला पुढे त्याच तालुक्यात, त्याच आडनावाने काम करता येईल की नाही, हे कराराच्या पहिल्याच पानावर ठरले पाहिजे.

इंग्लंडमधील उदाहरणे वेगळी दिशा दाखवतात. रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये केंट परगण्यातील मेडस्टन येथे स्थापन केलेली केईएफ ही कंपनी १९९२ मध्ये अडचणीत आली आणि हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाने ती घेतली. त्याच सुमारास सेलेस्टियन ही जुनी कंपनीही त्याच समूहाकडे गेली. दोन्ही नावे जिवंत राहिली, कारण नव्या मालकाने रचनाकारांचे दालन इंग्लंडमध्येच ठेवले. गाय फाउंटन यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या टॅनॉयचे वेगळे झाले : ती १९७४ मध्ये हार्मनकडे गेली, १९८१ मध्ये तिच्याच व्यवस्थापकांनी ती परत विकत घेतली, पुढे मालक बदलत गेले, आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील कोटब्रिज येथील कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. १९८१ चा प्रसंग येथे महत्त्वाचा आहे, कारण आत काम करणाऱ्यांनीच कारखाना घेणे ही वाट नंदुरबारच्या प्रमाणातही शक्य आहे.

महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण मोटवाने यांचे आहे. १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे सुरू झालेली ही पेढी पुढे कराचीमार्गे मुंबईस आली आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने तिचे ध्वनिक्षेपक व कर्णे स्वातंत्र्यलढ्याच्या सभांत गाजले. नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ही यंत्रणा पुरवली, आणि १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओ खटल्यात उषा मेहता यांच्यासह तेही आरोपी होते. त्यांची निर्दोष सुटका झाली. मोटवाने समूहाचे काम आज नाशिकमध्ये विद्युत चाचणी उपकरणांच्या क्षेत्रात चालते. ध्वनिवर्धकाने ओळख मिळवलेल्या पेढीने मोजमापाच्या उपकरणांकडे वळून स्वतःला टिकवले, ही गोष्ट लहान कार्यशाळांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

कागदावर काय येते, काय राहते

नंदुरबारातील बहुतेक अशा कार्यशाळा एकल मालकीच्या असतात, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच; विकायला वेगळी कंपनीच नसते. त्यामुळे २०२१ मध्ये लघुउद्योगांसाठी आलेली पूर्वनियोजित दिवाळखोरी निराकरणाची पद्धत, जी कंपनी आणि मर्यादित दायित्व भागीदारी यांनाच लागू होते, येथे उपयोगी पडत नाही. उरतात ते सुटे व्यवहार : गाळ्याचा भाडेकरार किंवा पागडी, करवत, रंधा, वेल्डिंग यंत्र, कॉइल गुंडाळण्याचे छोटे यंत्र, शिल्लक प्लायवूड आणि उधारीची वही. ही वहीच सर्वांत मोठी आणि सर्वांत धोक्याची मत्ता असते. बँडवाले बयाणा देऊन पेट्या नेतात आणि उरलेली रक्कम लग्नसराई संपल्यावर, कधी दिवाळीला फेडतात. ती येणी मालकाच्या तोंडावर उभी असतात, आणि मालक बदलला की पुष्कळ ग्राहक ‘जुन्या शेठशी बघू’ म्हणतात. सावध खरेदीदाराने ही येणी विकत घेऊ नयेत, विक्रेत्यालाच वसूल करू द्यावीत आणि बदल्यात मूळ किंमत कमी करून घ्यावी.

सरकारी योजनांत एक उणीव आहे, आणि ती धोरणकर्त्यांनी दूर करायला हवी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगासाठी अनुदान देतो, चालत आलेली जुनी कार्यशाळा घेण्यासाठी देत नाही. त्यामुळे जुनी विद्या विकत घेणाऱ्या तरुणापेक्षा नवे दुकान उघडणाऱ्याला अधिक आधार मिळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आहे, पण कॉइल भरणारा नाही. म्हणजे पेटी बनवणाऱ्याला पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज मिळू शकते, आणि तिच्यात प्राण घालणाऱ्याला मात्र मुद्रा कर्जासाठी बँकेत रांग लावावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या कार्यशाळांकडे शिकाऊ उमेदवार पाठवणे अवघड नाही, कारण मोजणीची विद्या संस्थेत आहे आणि ऐकण्याची कार्यशाळेत, आणि दोन्ही एकत्र आल्या तर थील-स्मॉल यांची सूत्रे नंदुरबारच्या प्लायवूडवर उतरू शकतात.

घेणाऱ्याने काय बांधावे

कायदेशीर मर्यादेत राहून चांगले ऐकू येणे ही स्वतंत्र कला आहे आणि तिला या जिल्ह्यात मोठी मागणी आहे. माणसाच्या बोलण्यातील अर्थ वाहणारी व्यंजने साधारण १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात; बेस वाढवला की ती झाकली जातात, म्हणून सोंगाड्या पार्टीचा संवाद, ग्रामसभेतील भाषण आणि शाळेतील प्रार्थना यांना अठरा इंची भिंत घातकच ठरते. अनेक लहान स्पीकर उभ्या रांगेत बसवलेली सडपातळ पेटी, जिला कॉलम म्हणतात, आवाज वर आभाळात आणि खाली जमिनीवर वाया न घालवता आडवा पसरवते. फ्रान्सच्या एल-अकूस्टिक्सने १९९२ मध्ये आणलेल्या व्ही-डॉस्क या प्रणालीमागेही उभ्या रांगेचे तत्त्व आहे, आणि लहान प्रमाणात ते स्थानिक सुताराच्या आवाक्यात आहे. एका टोकाला ढीग रचण्याऐवजी मांडवात सहा-आठ लहान पेट्या वाटून लावल्या, तर प्रत्येक श्रोत्याजवळ थोडा आवाज राहतो, सीमेवरील मोजणी मर्यादेत येते आणि कॉइलही जळत नाही. वीज अनिश्चित असलेल्या पाड्यांसाठी बारा व्होल्टच्या बॅटरीवर, आता सौर पट्ट्यांच्या आधाराने, चालणारा कर्णा आणि छोटा ॲम्प्लिफायर ही अजूनही गरजेची वस्तू आहे. चुंबकांबाबत फेराइटला चिकटून राहणे शहाणपणाचे ठरेल : निओडिमियमची पेटी हलकी होते खरी, परंतु एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्यापासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यानंतर त्या मालाचा पुरवठा बेभरवशाचा झाला आहे.

बँडवाल्यांना हे पटवणे सोपे नाही, कारण नाचणाऱ्याला ठोका अंगात हवा असतो आणि ही अपेक्षा खोटी नाही. फेर धरणाऱ्यांच्या रिंगणात बेस द्यावा, पण तो रिंगणाकडे वळवावा. दोन बेस-पेट्या योग्य अंतराने आणि योग्य विलंबाने मागे-पुढे मांडल्या तर मागील बाजूचा आवाज बराच कमी होतो, आणि आजच्या स्वस्त डिजिटल प्रक्रियकांत ही सोय असते. हे शिकवणारा माणूस गावात असणे हीच कार्यशाळेची पुढची सेवा ठरू शकते, आणि त्यासाठी एकत्र येऊन कार्यशाळा घेण्यात बँडवाल्यांचाच फायदा आहे : चार-पाच पार्ट्यांनी भागीदारीत ती घेतली, जुन्या कारागिरांना हिस्सा दिला, तर दुरुस्तीचा खर्च घरातच राहील आणि उधारीची वही आपोआप आपल्याच लोकांची होईल.

हस्तांतराची वेळ या सर्वांइतकीच निर्णायक आहे. व्यवहार दसऱ्याच्या आसपास झाला, तर होळीपर्यंत मिळणाऱ्या महिन्यांत नवा मालक जुन्याच्या शेजारी बसून कॉइल भरणे, ग्राहक ओळखणे आणि सुरत-दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी बोलणे शिकू शकतो, आणि पहिली लग्नसराई दोघांनी मिळून पार पाडता येते. विक्रेत्याची शेवटची रक्कम त्या हंगामानंतरच द्यायची, अशी अट करारात घालणे दोघांच्याही हिताचे आहे. हाच व्यवहार वैशाखात उरकला, तर रात्री दोन वाजता जळालेला स्पीकर घेऊन आलेल्या बँडला दारात यंत्रे दिसतील, पण ती चालवणारा हात दुसऱ्या दिवसाच्या गाडीने मुलाकडे सुरतेला गेलेला असेल.